सांधे धरले त्या वर्षी

मालेगावात रात्र कधी संपली आणि दिवस कधी उजाडला, हे कानांना कळत नाही. शुक्रवारची सुट्टी सोडली तर यंत्रमागांचा खडखडाट दोन्ही पाळ्यांत सारखाच चालू असतो. बारा-बारा तासांची पाळी, एकेका कामगाराकडे चार-सहा माग, आणि सगळा वेळ उभं राहून काम. धागा तुटला की माग थांबवायचा, वाकायचं, चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. घरात बायका कांड्या भरतात, तेही बोटांचंच काम. या शहराचं पोट मनगटं, बोटं आणि गुडघे यांच्यावर चालतं.

२००६ च्या मार्चमध्ये याच शहरातली माणसं सकाळी उठली आणि त्यांना पाय खाली टेकवेना. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. रात्री थंडी वाजून कडक ताप भरला, आणि पहाटेपर्यंत घोटे, गुडघे, मनगटं, बोटांची पेरं सगळी धरली. भाकरीचा तुकडा मोडता येईना, नळाची तोटी फिरवता येईना, लुंगीची गाठ बांधायला दुसरं माणूस लागू लागलं. एका घरात एकाला झालं की चार दिवसांत सगळं घर आडवं. त्या महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने हिंदी महासागराच्या परिसरातल्या साथीबद्दल जी टिपणं काढली, त्यांत रियुनियन आणि मॉरिशस या बेटांच्या जोडीला नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव शहराचं नाव आलं. तिथे दोन हजारांवर रुग्ण, अशी ती नोंद होती.

आजाराचं नाव चिकनगुनिया. आज महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ते माहीत आहे. तेव्हा मात्र ते बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ऐकलं तेही फार वाईट मुहूर्तावर. थोडंच आधी, १८ फेब्रुवारीला, जवळच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला होता. नवापूरच्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. पाठोपाठ मार्चच्या मध्यावर जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही तो रोग सापडला. उत्तर महाराष्ट्रात कोंबडीचं नाव काढायला लोक घाबरत होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत नव्या तापाच्या नावातच ‘चिकन’ आलं. कोंबडी खाल्ल्याने सांधे धरतात, हा समज पसरायला आणखी काय हवं होतं? लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण महिन्याभरात एकाच टापूत दोन अनोळखी रोग आले, दोघांच्या नावांचा उच्चार एकमेकांत मिसळला, आणि मधे उभं राहून नीट समजावणारी माणसं फार थोडी होती. अशा वेळी तर्क चुकला, तर दोष एकट्या तर्क करणाऱ्याचा नसतो.

नावाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. ते आलं आफ्रिकेतून, आजच्या टांझानियाच्या दक्षिणेकडच्या माकोंडे पठारावरून. १९५२-५३ मध्ये न्यूआला आणि मसासी या भागांत अचानक सांधे आखडवणाऱ्या तापाची साथ आली. डॉक्टर मॅरियन रॉबिन्सन यांनी रुग्णांची लक्षणं टिपली, डब्ल्यू. एच. आर. लम्सडेन यांनी साथ कशी पसरली ते शोधलं, आणि आर. डब्ल्यू. रॉस यांनी १९५३ मध्ये रुग्णाच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. माकोंडे लोकांच्या बोलीत या दुखण्याला जो शब्द होता, त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. दुखण्याने माणूस कसा दिसतो, हेच त्यांनी नावात ठेवलं. आपल्याकडे हिंदी पट्ट्यात लोकांनी त्याला ‘लंगडा बुखार’ म्हटलं, तेही याच न्यायाने. आमच्या शेतकऱ्यांना तर हे चित्र गोठ्यातून ओळखीचं आहे. जनावराला तिवा होतो तेव्हा तीन दिवस ताप असतो, पाय लंगडतो आणि ते उठता उठत नाही.

लम्सडेन यांच्या कामातली एक गोष्ट मला मालेगावच्या संदर्भात सारखी आठवते. माकोंडे पठार उंच आहे आणि वर पाणी नाही. बायका खालच्या खोऱ्यातून पाणी वाहून आणत आणि झोपडीत भांड्यांत दिवसेंदिवस साठवून ठेवत. हा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास नेमक्या अशाच साठवलेल्या, स्वच्छ, सावलीतल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की आठ-दहा दिवसांत नवा डास तयार. तो दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. साथ घराघरातून पुढे सरकते ती त्यामुळेच.

आता मालेगावची वस्ती डोळ्यांसमोर आणा. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून, बनारस-मऊकडून, विणकरांची कुटुंबं आग्रा रोडच्या वाटेने खाली आली आणि मोसम-गिरणेच्या काठी स्थिरावली. हातमाग गेले, यंत्रमाग आले. घर आणि कारखाना यांच्यात भिंत एकच, कधी तीही नाही. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चार लाखांच्या पुढे होती आणि त्यातली मोठी वस्ती अरुंद गल्ल्यांत दाटलेली. आमच्या जिल्ह्याच्या या भागात पाणी साठवणं ही सवय नाही, गरज आहे. मालेगावहून थोड्या अंतरावरच्या मनमाडमध्ये तर नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न येण्याची वर्षं लोकांनी काढली आहेत. अशा ठिकाणी प्रत्येक घरात पिंप, हौद, रांजण, सिंटेक्सची टाकी असणारच. उन्हाळा तोंडावर आला की भांडी वाढतात आणि त्यांची तोंडं उघडी राहतात. पाऊस नसताना, मार्चमध्ये, डासांचा ताप कसा काय आला, असं पुष्कळांना वाटलं होतं. डास पावसाच्या पाण्यावर नव्हे, घरातल्या पाण्यावर पोसला गेला होता.

महाराष्ट्राला हा ताप नवा नव्हता. तो विस्मरणात गेला होता, आणि माझ्या दृष्टीने या हकिकतीचं मर्म इथेच आहे.

खूप मागे जायचं तर एकोणिसाव्या शतकात जावं लागतं. १८२४ च्या सुमारास आणि पुन्हा १८७१-७२ मध्ये हिंदुस्थानात सांधे धरणाऱ्या तापाच्या मोठ्या साथी आल्या. दोन्ही वेळा त्याच्या थोडंच आधी, १८२३ आणि १८७० मध्ये, झांजिबारला तशीच साथ होती, आणि झांजिबार ते मुंबई हा गलबतांचा जुना रस्ता. त्या काळच्या डॉक्टरांनी सगळ्याला ‘डेंग्यू’ म्हटलं. झांजिबारमध्ये राहिलेल्या जेम्स ख्रिस्टी या डॉक्टरने १८८१ मध्ये या साथींवर लेख लिहिला, तोही डेंग्यू याच नावाने. पुढे १९७१ मध्ये डोनाल्ड केरी या विषाणुतज्ज्ञाने जुनी वर्णनं पुन्हा वाचली आणि शंका काढली, की त्यातले कित्येक ताप डेंग्यू नसून चिकनगुनिया असावेत. सांधे इतके दिवस धरून राहिल्याची वर्णनं डेंग्यूला बसत नाहीत.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेला भारतातला पहिला चिकनगुनिया १९६३ चा, कोलकात्याचा. १९६४ मध्ये मद्रास आणि वेल्लोर, १९६५ मध्ये आंध्रचा किनारा, आणि त्याच वर्षी आपलं नागपूर. ही ओळख पटवण्याच्या कामात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचा मोठा वाटा होता. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून १९५२ मध्ये ते सुरू केलं. १९७८ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झालं, जिला आता सगळे एनआयव्ही म्हणतात.

मग १९७३. बार्शी. सोलापूर जिल्ह्यातलं व्यापारी गाव, कापडगिरण्या, भगवंताचं देऊळ, आणि छोट्या रुळांची ती लाडकी बार्शी लाइट रेल्वे. १९७२ चा दुष्काळ लोकांच्या अंगावरून गेला होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामं आठवतात. अशा वर्षानंतर बार्शीत सांधे धरणारा ताप आला. पुण्याच्या संस्थेतले पडबिद्री आणि ज्ञानेश्वर यांनी या साथीचा अभ्यास केला. त्यात लोकसंख्येच्या ३७.५ टक्के लोकांना आजार झाल्याचं दिसलं. म्हणजे शंभरातली सदतीस-अडतीस माणसं. पाच माणसांच्या घरात दोघं अंथरुणाला. दुष्काळ आणि ही साथ इतकी जवळजवळ यावी, हा मला योगायोग वाटत नाही. जिथे पाणी मिळत नाही तिथे लोक ते साठवतात. माकोंडे पठार, बार्शी आणि मालेगाव या तीन ठिकाणांची भाषा, धर्म, धंदा काहीच जुळत नाही. जुळते ती एवढीच गोष्ट.

बार्शीचा अभ्यास १९७९ मध्ये छापून आला. तोवर साथ कधीच ओसरली होती, आणि त्यानंतर ती महाराष्ट्रातच काय, देशात कुठे मोठ्या स्वरूपात दिसलीच नाही. दहा-बारा वर्षं अशी गेली. १९८६ मध्ये एनआयव्हीच्या संचालक डॉ. खोरशेद पावरी यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात छोटंसं टिपण लिहिलं. विषय होता भारत आणि आग्नेय आशियातून चिकनगुनियाचा विषाणू नाहीसा होणं. तेव्हाच्या पुराव्यावर ते बरोबरच होतं. त्या टिपणाला आज कोणी नावं ठेवू नयेत. पण रोग नाहीसा झाला म्हटल्यावर बाकी गोष्टीही आपोआप नाहीशा होतात. वैद्यकीय महाविद्यालयांत तो एका ओळीपुरता उरतो. नवीन डॉक्टर तो न पाहताच बाहेर पडतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, १९७३ नंतर जन्मलेल्या पिढीच्या रक्तात त्याच्याविरुद्ध काहीही नसतं. २००६ मध्ये मालेगावच्या मागांवर उभी असलेली तरुण पोरं हीच.

मधे एक खूण मात्र मिळाली होती. २००० साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवत इथे पकडलेल्या एडिस डासांत चिकनगुनियाचा विषाणू सापडला. जनुकीय तपासणी झाल्यावर त्याची गोष्ट अधिकच विलक्षण निघाली. कोलकाता, नागपूर, बार्शी इथले जुने विषाणू आशियाई वंशाचे होते. यवतचा विषाणू आफ्रिकी वंशाचा. साथ यायच्या पाच वर्षं आधी नवा पाहुणा पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर येऊन बसला होता, आणि तेव्हा त्याने कुणाला आजारी पाडल्याचा गाजावाजा झाला नाही. एनआयव्हीच्या डॉ. विद्या अरनकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ ते २००६ पर्यंतचे विषाणू शेजारी शेजारी ठेवून २००७ मध्ये हा वंशवृक्ष मांडला. २००६ च्या साथीतले विषाणूही आफ्रिकी वंशाचेच होते.

नवी लाट उठली ती २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर, आधी लामू बेटात आणि मग मोंबासात. २००५ मध्ये कोमोरोस, मग रियुनियन. रियुनियनची वस्ती आठ लाखांच्या आतली, त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना ताप आला. २००५ च्या अखेरीस तो आंध्र आणि कर्नाटकात उतरला. पाठोपाठ आपल्याकडे मराठवाडा, सोलापूरचा पट्टा आणि नाशिक जिल्हा. ऑक्टोबर २००६ पर्यंत देशातल्या आठ राज्यांचे १५१ जिल्हे बाधित होते. संशयित रुग्ण साडेबारा लाखांच्या वर. त्यात कर्नाटकातले ७,५२,२४५ आणि महाराष्ट्रातले २,५८,९९८. वर्षअखेर देशाचा आकडा तेरा लाख नव्वद हजारांवर गेला. मालेगावला त्याच वर्षी ८ सप्टेंबरच्या बॉम्बस्फोटांचं दुःखही सोसावं लागलं, आणि मग वर्तमानपत्रांना या शहराबद्दल बोलायला दुसराच विषय मिळाला.

सरकारी कागदावर चिकनगुनियाने थेट मेलेल्यांची संख्या शून्य होती. हा आजार मारत नाही, घाबरू नका, असं लोकांना सांगितलं गेलं, आणि ते घाबरवण्यापेक्षा बरंच होतं. पण अहमदाबादेत दिलीप मावळणकर आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढून आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा २००६ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त दिसले. साथीचा जोर नेमका त्याच महिन्यांत होता. म्हातारी, आधीच मधुमेहाने किंवा हृदयविकाराने खंगलेली माणसं तापाच्या धक्क्याने गेली असतील, तर त्यांच्या दाखल्यावर चिकनगुनिया लिहिलं जाणार नव्हतं.

तरीही मला मृत्यूंपेक्षा दुसरीच मोजणी अधिक अस्वस्थ करते. ताप चार-पाच दिवसांत उतरतो. मलेरिया विभागाचा कर्मचारी घरी येतो, रक्त घेतो, पिंपात ॲबेटचं औषध टाकतो, हौदात गप्पी मासे सोडतो, गल्लीत धूर फवारतो आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगून जातो. नोंदवहीत रुग्ण ‘बरा’ होतो. पण बाई अजून चूल पेटवायला खाली बसू शकत नाही. मागावरचा माणूस सकाळी तासभर मुठी उघडझाप करतो तेव्हा कुठे बोटं हलतात. रोजावर पोट असलेल्याला हे महिनाभर चाललं तरी घर कर्जात जातं. मग सुरू होतात फेऱ्या. एकाकडे सलाईन, दुसऱ्याकडे ‘स्ट्राँग’ इंजेक्शन, ज्यात अनेकदा स्टेरॉइड असायचं, दोन दिवस उभारी यायची आणि पुन्हा जैसे थे. कुणी निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतला, कुणी आमवात समजून एरंडेल प्यायलं. आमवाताला वेगळा रोग म्हणून सविस्तर मांडणारा आपला जुना ग्रंथ माधवनिदान, म्हणजे हजारहून अधिक वर्षं सुजलेल्या सांध्यांकडे इथे कोणीतरी बारकाईने पाहत आलं आहे. पण गावच्या गाव एका पंधरवड्यात आखडून जाणं हे कुणाच्याच अनुभवात बसणारं नव्हतं.

दुखणं मोजायचं कसं? तापाला थर्मामीटर आहे, रक्ताला तपासणी आहे. दुखतं हे फक्त दुखणाराच सांगू शकतो, आणि आपल्याकडे विशेषतः बायका ते सांगतच नाहीत. वय झालं, काम केलं की दुखायचंच, असं म्हणून विषय संपवतात. हा मौनाचा पडदा महाराष्ट्रात साथीच्या दहा वर्षं आधी एका गावाने बाजूला केला होता. गाव भिगवण, तेही पुणे-सोलापूर रस्त्यावरच, उजनीच्या फुगवट्याच्या काठी, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीझेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी गरीब देशांसाठी आखलेली ‘कॉपकॉर्ड’ ही पद्धत त्यांनी वापरली. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी दारोदार विचारणा करायची, ज्यांना दुखतं त्यांची सविस्तर प्रश्नावली भरायची, आणि मग तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना तपासायचं. हे तिन्ही टप्पे एकाच वेळी चालवून पाच आठवड्यांत काम पुरं केलं.

४,०९२ प्रौढ माणसांपैकी ७४६ जणांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. शंभरात अठरा. ज्याला आपण खरा संधिवात म्हणतो, बोटं वाकडी करणारा, तो गावातल्या प्रौढांत जेमतेम अर्धा टक्का. बाकीचे गुडघ्यांच्या झिजेचे, कंबरेचे, खांद्याचे, आणि पुष्कळसे असे की ज्यांना पाठ्यपुस्तकातलं नाव चिकटवता येत नाही. रुग्णालयात बसून हे आकडे कधीच हाती लागले नसते, कारण यातली बहुतेक माणसं रुग्णालयात पोचतच नाहीत. भिगवणच्या पाहणीचं मोल मला यासाठी वाटतं, की तिने दुखण्याला नाव असो वा नसो, ते नोंदवण्याच्या लायकीचं मानलं.

२००६ ची साथ आली तेव्हा याच मंडळींकडे मोजण्याची रीत तयार होती. ग्रामीण महाराष्ट्रात त्यांनी चिकनगुनियाचे ५०९ रुग्ण दोन वर्षं नजरेखाली ठेवले. वर्षभराने त्यातल्या शंभरामागे चौघांचं आणि दोन वर्षांनी शंभरामागे एक-दोघांचं दुखणं चालूच होतं. रियुनियनमध्ये पंधरा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक लोक दुखतंय म्हणत होते आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यात पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दहा महिन्यांनंतर बरे झालेले नव्हते. इतकी तफावत का? कुणाला मोजायला घेतलं आणि दुखण्याची व्याख्या काय धरली, यावर बरंच अवलंबून असतं. दवाखान्यात आलेला रुग्ण आणि घरी जाऊन गाठलेला रुग्ण ही दोन वेगळी माणसं. महाराष्ट्राचा आकडा लहान दिसतो, पण तो गावाचा आहे. आणि अडीच लाखांतले शंभरामागे चार म्हणजे दहा हजार माणसं होतात, ही तोंडी आकडेमोड ज्याची त्याने करून पाहावी.

औषधाची गोष्टही इथेच तपासली गेली. क्लोरोक्विन, मलेरियाची ती कडू गोळी, सांध्यांच्या सुजेवरही देतात, म्हणून चिकनगुनियानंतरच्या दुखण्यावर ती सर्रास लिहिली जात होती. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ७० रुग्णांवर क्लोरोक्विन आणि मेलॉक्सिकॅम ही साधी वेदनाशामक गोळी यांची तुलना केली. क्लोरोक्विनचा विशेष फायदा दिसला नाही. २०१४ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. ‘उपयोग नाही’ हे उत्तर मिळवायला इतकी वर्षं आणि इतकी माणसं लागतात, आणि ते उत्तर मिळालं की ज्यांच्या खिशातून गोळ्यांचे पैसे जात होते त्यांचे ते वाचतात. अशा नकारांची बातमी होत नाही. व्हायला हवी.

पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने २००६ च्या साथीचा देशभराचा हिशेब मांडला, तो निरोगी आयुष्याच्या गमावलेल्या वर्षांत. २५,५८८ वर्षं. आणि त्यातला ६९ टक्के वाटा तापाचा नव्हे, ताप उतरल्यावर रेंगाळलेल्या सांधेदुखीचा. बुडालेली मजुरी धरली तर किमान ३९ कोटी रुपये. नोंदवहीत ज्या दिवशी रुग्ण बरा झाला, त्याच्या नंतरच या आजाराचा मोठा भाग सुरू होत होता.

हा विषाणू सांध्यांवरच का उठतो, याचा धागा २०१८ मध्ये हाती आला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन सापडलं, ज्याला पकडून विषाणू आत शिरतो. त्याचं नाव एमएक्सआरए-८. कूर्चा, स्नायू आणि हाडांच्या पेशींवर ते असतं. त्याआधी २०१० मध्ये रियुनियनच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, आजारानंतर दीड वर्षाने, विषाणूचे अंश मिळाले होते. दुखणं मनाचं नव्हतं. ‘अजून दुखतंय’ म्हणणाऱ्या बाईला ‘काही नाही, वयाचं आहे’ असं ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या पहिल्या लशीला मान्यता मिळाली. आपल्याकडे अजून पिंपाचं झाकणच कामाला येतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूर पुन्हा या तापाने आखडले. नागपूरला तो १९६५ मध्ये येऊन गेल्याचं किती जणांना आठवलं असेल?

कॉपकॉर्डच्या प्रश्नावलीत माणसाची एक रेखाकृती असते, एक समोरून, एक पाठीमागून. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती बाह्यरेषा. अक्षरओळख नसली तरी चालतं. दुखतं तिथे बोट ठेवायचं आणि स्वयंसेवकाने फुली मारायची. गुडघा पहिला येतो. मग कंबर, मनगट, बोटांची पेरं. समोरची आकृती भरली की कागद फिरवायचा, पाठीची आकृती पुढे करायची आणि विचारायचं, अजून कुठे?